दोन कान, सहा वाहिन्या आणि औंढा नागनाथ

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील नियोजित लायगो-इंडिया वेधशाळेची बातमी आली, की विद्यार्थी एक रास्त प्रश्न विचारतात. गुरुत्वीय लहरी टिपणारी दोन यंत्रे अमेरिकेत आहेत, एक इटलीत, एक जपानमध्ये. मग एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर करून आणखी एक का उभारावे? याचे उत्तर मला समीकरणांपेक्षा भिलाईतील आमच्या बैठकीच्या खोलीत अधिक स्पष्ट दिसते.

बाबांचा उजवा कान लहानपणीच्या संसर्गाने गेला. त्यांना हाक ऐकू येते, पण ती कोठून आली हे उमगत नाही. रस्त्यात हॉर्न वाजला की ते थबकून चारी दिशांना पाहतात. डावीकडून आलेला ध्वनी उजव्या कानाशी फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. या विलंबावरून आणि तीव्रतेतील फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. एकच कान उरला, की तुलनाच संपते.

चित्रपट पाहताना मात्र त्यांची तक्रार संवादांची असे. टीव्हीच्या दोन लहान स्पीकरमध्ये सहा वाहिन्यांचा ध्वनी एकत्र कोंबला जातो. दोन कान असणारा माणूस दिशेच्या आधाराने गोंगाटातून बोलणे निवडून घेतो. बाबांना ती सोय नाही. म्हणून मी स्वस्तातला एक ५.१ डिकोडर आणला. टीव्हीतून ऑप्टिकल केबलने आलेल्या डिजिटल संकेतातून तो सहा वाहिन्या वेगळ्या काढतो : समोरच्या तीन, मागच्या दोन आणि खर्जाची एक. त्यांच्यासाठी एलएम१८७५ या आयसीचे अ‍ॅम्प्लिफायर मी घरीच जोडले आणि प्लायवूडच्या पेट्यांत स्पीकर बसवले. चित्रपटातील संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत असतात. घरगुती मांडणीत प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र व्हॉल्यूम देता येतो. मधल्या वाहिनीचा आवाज वाढवला आणि तो स्पीकर बाबांच्या डाव्या कानाच्या बाजूला सरकवला. दुसऱ्या दिवशी बाबांनी पडद्याखालची अक्षरे बंद करायला सांगितली.

स्वस्त डिकोडरची उणीव विलंबात होती. समोरचे स्पीकर आमच्या बसण्याच्या जागेपासून ३ मीटरवर, मागचे १.३ मीटरवर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे मागचा आवाज ५ मिलिसेकंद आधी कानी पडणार. हेल्मुट हास यांनी १९४९मध्ये दाखवले, की एकच ध्वनी किंचित अंतराने दोनदा आला, तर पहिला येणारा दिशा ठरवतो. महागड्या यंत्रांत मागच्या वाहिन्यांना हवा तेवढा उशीर लावता येतो. या डिकोडरमध्ये ती सोय नव्हती. तेव्हा मागच्या स्पीकरची तोंडे भिंतीकडे वळवली. ध्वनी भिंतीवर आपटून येऊ लागला, त्याचा मार्ग लांबला आणि आईला सिनेमातला पाऊस चहूबाजूंनी ऐकू येऊ लागला. बाबांना तो फरक कळत नाही, हेही खरे.

गुरुत्वीय लहर म्हणजे ध्वनी नव्हे. पण तिची दिशा शोधण्याची रीत हीच. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर लिव्हिंगस्टनला पोहोचली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी ३,००० किलोमीटर दूर हॅनफर्डला. केवळ दोन वेळांवरून आकाशात एक बिंदू मिळत नाही, वर्तुळाकार पट्टा मिळतो. त्या वेळी शोधक्षेत्र सुमारे ६०० चौरस अंशांचे होते. पूर्णचंद्र जेमतेम ०.२ चौरस अंश व्यापतो. १७ ऑगस्ट २०१७च्या लहरीवेळी इटलीतील व्हर्गोही कार्यरत होते. त्यात संकेत अतिशय क्षीण उमटला. पण तो क्षीण का, हीच माहिती उपयोगी पडली आणि क्षेत्र सुमारे २८ चौरस अंशांवर आले. काही तासांतच दुर्बिणींना १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत त्या स्फोटाची चमक सापडली.

म्हणून औंढा नागनाथच्या यंत्राचा हिशेब ‘आणखी एक’ असा करू नये. त्याचे मोल जितके संवेदनशीलतेत, तितकेच इतरांपासूनच्या अंतरात आहे. कोठे पाहायचे हे वेळेवर कळले नाही, तर ती चमक विझून जाते. आणि मग आपल्याजवळ केवळ एक हाक उरते, कोठून आली हे न कळणारी.