लडाखच्या चुलीवरचं बेगमीचं कढण

सूप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो हॉटेलातला लहानसा वाडगा. टोमॅटोचं लाल पाणी, वर तळलेल्या पावाचे चार तुकडे. जेवणाआधी भूक चाळवायची, एवढंच त्याचं काम. पण जिथे हिवाळ्यातल्या रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो, तिथे असल्या सुपाने कुणाचं भागणार? तिथलं सूप म्हणजे अख्खं जेवण. भाज्या, कडधान्य, कणीक, दूधदुभतं, सगळं एका पातेल्यात. लडाखमध्ये त्याला थुक्पा म्हणतात, आणि त्यात पडणारा जवळजवळ प्रत्येक जिन्नस चार महिने आधी घरात भरून ठेवलेला असतो.

लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचावर आहे. हिमालयाची भिंत पावसाळी ढगांना अलीकडेच अडवते, त्यामुळे वर्षाकाठी पाऊस पडतो तो जेमतेम १० सेंटिमीटर. शेती होते ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. एप्रिल-मेमध्ये पेरायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात काढायचं, की वर्षाचं पीक संपलं. पुढचे सहा-सात महिने उघड्या शेतात हिरवं पान दिसत नाही. त्यातून श्रीनगरहून येणारा रस्ता झोजी ला या खिंडीतून जातो. पूर्वी तो बर्फामुळे पाच-सहा महिने बंद असे. म्हणजे घरात जे असेल त्यावरच उन्हाळ्यापर्यंत निभवायचं.

आपल्याकडे नेमकं उलट, नाही का? थंडीत आपल्या मंडईत गाजर, मटार, मेथी, फ्लॉवर यांचे ढीग लागलेले असतात. आपली टंचाई पावसाळ्यातली. म्हणून आपल्या आज्या चैत्र-वैशाखात पापड-कुरडया, सांडगे करीत, गवारी वाळवीत. आपली बेगमी पावसाळ्याची, त्यांची हिवाळ्याची, एवढाच काय तो फरक.

घर म्हणजे स्वयंपाकघर

२०२३ च्या जानेवारीत ह्यांच्या कामानिमित्त मला लेहला बारा दिवस राहायचा योग आला. हिवाळ्यात तिथली बरीच हॉटेलं बंद असतात, म्हणून गावाच्या कडेला एका कुटुंबातच आमची सोय झाली होती. विमानाने एकदम एवढ्या उंचीवर गेल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. श्वास लागतो, डोकं जड होतं. तिसऱ्या दिवशी मात्र मी स्वयंपाकघर गाठलं, ते परत निघेपर्यंत सोडलं नाही.

सोडणार तरी कशी? हिवाळ्यात सगळं घर तिथेच राहतं. मधोमध लोखंडी चूल, तिला थब म्हणतात. तिच्यात शेणी नाहीतर पॉपलर आणि विलोच्या फांद्या जळत असतात. भिंतीला लागून गालिचे अंथरलेले, पुढ्यात कोरीव काम केलेली बुटकी मेजं. फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने मांडलेली, घासूनपुसून अशी लख्ख की आपल्या दिवाळीची आठवण व्हावी. पाणी मात्र जपून. नळ गोठलेले असतात, त्यामुळे बाहेरून कॅनमध्ये भरून आणलेलं पाणी पेल्यापेल्याने वापरायचं.

घरच्या आजींना सगळे आमा-ले म्हणत. आमा म्हणजे आई, आणि ले म्हणजे आपलं जी. त्यांच्या सूनबाई शाळेत शिकवायच्या. हिंदी दोघींनाही उत्तम येत होतं, त्यामुळे गप्पांना तोटा नव्हता. सूनबाई मला आचे-ले, म्हणजे ताई, म्हणू लागल्या.

जमिनीखालचा बाजार

"भाजी कुठून आणता?" असं मी विचारलं, तर आमा-ले हसल्या आणि मला अंगणात घेऊन गेल्या. कोपऱ्यात बर्फ बाजूला सारून त्यांनी गवत आणि माती उपसली, एक फळी उचलली. खाली कमरेइतका खोल खड्डा! त्यात बटाटे, सलगम, गाजरं आणि मुळे मातीत निवांत झोपलेले. "हमारा बाजार तो जमीन के नीचे है, बेटी," त्या म्हणाल्या.

वरची जमीन दगडासारखी गोठते, पण खाली खोलवर तेवढी थंडी पोचत नाही. भाजी गोठतही नाही नि सडतही नाही. मात्र नियम कडक. ऑक्टोबरात निवडून, न धुता, खरचटलेली एकही न घेता खड्डा भरायचा. काढताना तोंड लहानच उघडायचं, हवं तेवढं घेऊन लगेच बुजवायचं.

घरात वरच्या खोलीत दुसरा साठा होता, वाळवणाचा. पालक, सलगमचा आणि मुळ्याचा पाला, टोमॅटोच्या चकत्या. लडाखची हवा इतकी कोरडी की पालेभाजी सावलीतच दोन-चार दिवसांत कुरकुरीत होते आणि रंगही राखते. शेजारी सुकवलेले जर्दाळू, वाळलेले वाटाणे, भाजलेल्या जवाचं पीठ (आपल्या सातूच्या पिठाचं सख्खं भावंड) आणि छुर्पे. छुर्पे म्हणजे ताक उकळून, फडक्यात गाळून, चोथा उन्हात खडखडीत वाळवलेला. नुसता चावला तर दात दुखतील, पण उकळत्या कढणात पडला की मऊ होतो आणि अंगचं आंबटपण सोडतो. मांस न घालता केलेल्या थुक्प्याला चव आणि बळ देतो तो हाच.

आपल्या वरणफळांची बहीण

त्या संध्याकाळी स्क्यू झाला. हा थुक्प्याच्याच कुळातला, पण दाट. तेलावर कांदा परतला, त्यात बटाटा, सलगम, गाजराच्या मोठ्या फोडी, भिजवलेले वाटाणे, वाळवलेला पाला आणि छुर्पे. भरपूर पाणी. एवढ्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कंदमुळं आणि वाटाणे शिजायला फार वेळ घेतात. म्हणूनच आता तिथे घरोघरी कुकर आहे.

भाज्या शिजेपर्यंत आम्ही तिघी कणीक घेऊन बसलो. घट्ट गोळ्यातून सुपारीएवढा तुकडा तोडायचा, तळहातावर ठेवून अंगठ्याने दाबायचा, की मधे खळगा पडून छोटी वाटी होते. मला हसूच आलं. हे तर आपल्या रुखवतातल्या नखुल्यांचं थोरलं रूप! आणि पातेल्यात पडल्यावर? वरणफळं, चकोल्या. आमच्याकडे वरणात कणकेचे तुकडे सोडतात, असं सांगितल्यावर आमा-लेंना जरासुद्धा नवल वाटलं नाही. घरात पीठ आहे, भाजी थोडी आहे आणि माणसं जास्त आहेत, तर बाई दुसरं काय करणार?

लोसार, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, लडाखमध्ये बहुधा डिसेंबरात येतं. त्याच्या आदल्या संध्याकाळचा थुक्पा नऊ जिनसांचा. त्यात कणकेचे काही मोठे गोळे सोडतात आणि प्रत्येकाच्या पोटात काहीतरी लपवलेलं असतं: कोळसा, लोकर, मीठ, मिरची. ज्याला कोळसा निघेल त्याचं मन काळं, मिरची निघेल तो बडबड्या, अशी थट्टा चालते. टंचाईच्या दिवसांतही जेवणाला हसू जोडायला त्या विसरलेल्या नाहीत.

सासूबाई आणि सूनबाई

आता दिवस पालटले आहेत. १९७४ साली लडाख पर्यटकांसाठी खुलं झालं. विमानं बाराही महिने येतात. झोजी लाचा रस्ताही आता फार दिवस बंद नसतो. २०२५ साली तर जेमतेम महिनाभरच बंद होता. हरितगृहांत हिवाळ्यातही पालक पिकतो, दुकानात नूडल्सची पाकिटं मिळतात. सूनबाईंचा सवाल सरळ होता: "शाळा, मुलं, घर सांभाळून दोन महिने पाला कोण वाळवीत बसणार? विकत मिळतं की!"

त्यांचं काय चुकलं? बाजारात भाजी नसण्याचे ते दिवस परत यावेत असं कुणालाच वाटत नाही, आमा-लेंना तर नाहीच. त्या गप्प राहिल्या.

पण आठव्या दिवशी आभाळ भरून आलं. बर्फ पडू लागलं आणि विमानं रद्द झाली, एक दिवस नव्हे, लागोपाठ तीन दिवस. रस्ता तर आधीच बंद होता. त्या वर्षी तो मार्चमध्ये उघडला. दुसऱ्याच दिवशी बाजारातले टोमॅटो संपले, तिसऱ्या दिवशी कोबीही दिसेना. शेजारच्या नव्या घरात खड्डा नव्हता. तिथली मुलगी रिकामी टोपली घेऊन आली आणि भरलेली घेऊन गेली. आमच्या चुलीवरचं पातेलं मात्र रोजच्यासारखंच भरलेलं होतं.

त्या रात्री सूनबाईंनी आमा-लेंना विचारलं, "पाला तोडायचा तो फुलं यायच्या आधी, की नंतर?" त्यावर कुणी काही बोललं नाही. आमा-लेंनी फक्त सूनबाईंच्या वाडग्यात आणखी एक डाव वाढला.

आपल्या स्वयंपाकघरात

चौघांना पुरेल असं हे कढण आपल्या डब्यांतल्या जिनसांतून सहज होतं. छुर्पे आपल्याकडे मिळणार नाही, सलगमही सगळीकडे मिळत नाही. त्यांना पर्याय दिला आहे.

साहित्य: कणीक दीड वाटी, वाळलेले वाटाणे अर्धी वाटी, बटाटे २, गाजरं २, नवलकोल किंवा मुळा १, कांदा १, लसूण ५-६ पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, कसुरी मेथी १ मोठा चमचा, पनीर अर्धी वाटी, तेल २ चमचे, मिरपूड, मीठ.

कृती: वाटाणे रात्री भिजत घालावे आणि सकाळी कुकरमध्ये शिजवून घ्यावे. कणकेत चिमूटभर मीठ घालून ती घट्ट भिजवावी व वीस मिनिटं झाकून ठेवावी. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर कांदा, लसूण, आलं परतावं. भाज्यांच्या मोठ्या फोडी घालून दोन मिनिटं परताव्या. सात वाट्या गरम पाणी, वाटाणे आणि मीठ घालावं. भाज्या अर्धवट शिजल्या की कणकेच्या वाट्या करून एकेक सोडाव्या. पाणी खळखळत असलं पाहिजे, नाहीतर त्या एकमेकींना चिकटतात. पंधरा मिनिटांत शिजतात. शेवटी कसुरी मेथी चुरडून, कुस्करलेलं पनीर आणि मिरपूड घालून उतरवावं. ठेवलं तर दाट होतं. गरम करताना पाणी वाढवावं. मुलांसाठी वरून चमचाभर तूप.

आणि हो, कसुरी मेथी विकतचीच घ्यायला हवी असं नाही. थंडीत मेथी स्वस्त असते तेव्हा दोन जुड्या निवडून, धुऊन, फडक्यावर सावलीत पसराव्या. पानं कुरकुरीत झाली की काचेच्या कोरड्या बरणीत भराव्या. मे महिन्यात गवार मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन, निथळून, कडक उन्हात वाळवावी. गच्ची नसली तर गॅलरीतली एक परात पुरते. बरणीवर महिना लिहून ठेवावा आणि पावसाळ्यात एकदा उघडून ओल लागली नाही ना, हे पाहावं.

झोजी ला आपल्या वाटेवर नाही हे खरं. पण पुराच्या दिवशी, संपाच्या दिवशी, घरात आजारपण असताना किंवा महिनाअखेरीला आपलेही रस्ते बंद होतात. अशा वेळी फळीवरच्या दोन बरण्या केवढा धीर देतात, ते घर चालवणाऱ्या बाईलाच ठाऊक.