मेम्फिसचा पाऊस

मेम्फिस नावाची दोन गावे जगाला ठाऊक आहेत. एक नाईलकाठचे, फॅरोंच्या राजधानीचे. ते केव्हाच मातीत गेले. दुसरे मिसिसिपीकाठचे, अमेरिकेतील टेनेसी राज्यातले. पहिल्याचेच नाव घेऊन ते 1819 साली वसले. या दुसऱ्या गावी माझा भाचा नोकरीला आहे, आणि त्याच्या आग्रहावरून उन्हाळ्याच्या सुटीत मी आठ दिवस तिथे राहून आले. मेम्फिसला आलेल्या पाहुण्याने आधी एल्व्हिस प्रिस्लेचा बंगला पाहायचा, असा तिथला शिरस्ता. तो एकदाचा पुरा झाल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, आता तुला खरी जागा दाखवतो."

गावाच्या दक्षिणेला मॅक्लेमोर अ‍ॅव्हेन्यू म्हणून रस्ता आहे. वस्ती बहुतेक काळ्या लोकांची. काही घरे टापटिपीची, काहींच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. 1960 साली जिम स्ट्यूअर्ट आणि त्याची थोरली बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन या गोऱ्या भावंडांनी इथले एक बंद पडलेले सिनेमागृह भाड्याने घेतले. भाऊ बँकेत नोकरी करणारा, फिडल वाजवण्याचा षोकी. बहिणीने ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासाठी घर गहाण टाकलेले. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जुळवून पुढच्या वर्षी कंपनीला नाव दिले, 'स्टॅक्स'.

सिनेमागृहातल्या खुर्च्या निघाल्या, पण जमीन पूर्वीसारखी पडद्याकडे उतरतीच राहिली. पुढच्या भागात, जिथे प्रेक्षकांना खाऊ विकत, तिथे बाईंनी तबकड्यांचे दुकान थाटले. आळीतली पोरे तिथे तासन्‌तास उभी राहून गाणी ऐकत. बाई त्यांना हाकलून देत नसत. हे गाणे का आवडले, ते का नाही, असे विचारत. बुकर टी. जोन्स हा शाळकरी मुलगा त्यांतलाच. समोरच्या किराणा दुकानात सामान बांधून देणारा डेव्हिड पोर्टरही असाच रस्ता ओलांडून आत आला आणि आयझॅक हेजच्या जोडीने मोठा गीतकार झाला. इथे जे संगीत जन्मले त्याला 'सोल' म्हणतात. देवळातल्या प्रार्थनेचा गळा आणि प्रपंचातले दुःख यांचे ते लग्न आहे.

ज्या शहरात काळ्या-गोऱ्यांची पंगत वेगळी, शाळा वेगळी, तिथे बुकर टी.च्या चौकडीत दोन काळे आणि दोन गोरे वादक होते. बाहेर मात्र या मंडळींनी एकत्र उतरावे अशा जागा फार थोड्या. लॉरेन मोटेल ही त्यांपैकी एक. एका वादळी रात्री तिथल्या एका खोलीत बसून काळा गायक एडी फ्लॉइड आणि गोरा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी 'नॉक ऑन वुड' रचले. बाहेर विजा कडाडत होत्या, त्या गाण्यात उतरल्या. ते गाणे 1966 साली सगळीकडे वाजले.

पण या गावात पाऊस सर्वांवर सारखा पडत नसे. 1 फेब्रुवारी 1968 रोजी पावसाला आडोसा म्हणून दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत शिरले. आतले यंत्र अचानक चालू झाले आणि दोघे चिरडून मेले. त्यानंतर सुमारे 1,300 कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या पाठीशी उभे राहायला मार्टिन ल्यूथर किंग आले, आणि 4 एप्रिलला त्याच लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी लागली. हेच किंग 1959 साली भारतात आले होते. मुंबईत मणिभवनात, गांधीजींच्या वास्तूत राहिले होते. मोटेल आता नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. त्या सज्जासमोर उभे असताना आम्हां दोघांपैकी कोणीच बोलले नाही.

स्टॅक्सचे दिवसही फिरले. 1967 च्या डिसेंबरात त्यांचा सर्वांत लाडका गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. सोबत बार-केज या वाद्यवृंदातली चार तरुण मुलेही गेली. पुढल्याच वर्षी जुना करार उलगडून पाहिला, तो तोवरच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांची मालकी न्यूयॉर्कच्या वितरक कंपनीकडे गेलेली! घर आपले, गळा आपला, आणि कागद दुसऱ्याचा. कंपनी त्यातूनही उठली, पण 1975 अखेर दिवाळे निघाले आणि 1989 साली ती वास्तूही पाडली. आज तिथे आहे ते 2003 साली त्याच जागी उभारलेले संग्रहालय. त्यांनी जमीनसुद्धा मुद्दाम उतरती बांधली आहे. आत शिरताच मिसिसिपी राज्यातून उचलून आणलेले एक जुने लाकडी चर्च लागते; गाणे कुठून आले ते वेगळे सांगावे लागत नाही. शेजारी मुलांसाठी संगीतशाळा आहे, 2000 साली सुरू झालेली. बाहेर पडताना मला तिथून ढोलाचा ठेका ऐकू आला. कोणी तरी पुन्हा पुन्हा चुकत होते आणि पुन्हा पुन्हा वाजवत होते. कागद गेला, वास्तू गेली, आळीतली पोरे मात्र आहेत, असे मनात आले.

मी भाच्याला म्हटले, "जुने पुष्कळ झाले. या गावात आता काय गातात ते ऐकव." त्याने आठ दिवसांत ऐकवलेल्यांपैकी चार संग्रह वाचकांच्या कानी घालते.

पहिला डॉन ब्रायंट यांचा 'यू मेक मी फील' (2020). ब्रायंट मेम्फिसचेच, 1942 चा जन्म. आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्यांसाठी गाणी लिहिण्यात गेला, आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत स्वतःचा असा दणदणीत संग्रह आला. आवाज थकलेला वाटत नाही, मुरलेला वाटतो. दुसरा 'सदर्न अ‍ॅव्हेन्यू' या वाद्यवृंदाचा 'बी द लव्ह यू वॉन्ट' (2021). चर्चमध्ये गाऊन वाढलेल्या जॅक्सन भगिनी आणि इस्राएलहून आलेला गिटारवादक, असा हा मेळ. घरात चार माणसे जमली असतील तेव्हा हा लावावा.

तिसरा ज्यूलियन बेकर हिचा 'लिटल ओब्लिव्हियन्स' (2021). मोठ्या कंपन्यांच्या दारी न जाता आपल्या मनाचे गाणे करणाऱ्यांना तिकडे 'इंडी' म्हणतात. ही मुलगी मेम्फिसकडची. संग्रहही तिथेच ध्वनिमुद्रित केलेला, आणि बहुतेक वाद्ये तिनेच वाजवलेली. व्यसन, पश्चात्ताप आणि डळमळलेली श्रद्धा हे तिचे विषय. हा एकट्याने, रात्री ऐकायचा.

चौथा ग्लोरिलाचा 'ग्लोरियस' (2024). हा हिपहॉप, म्हणजे ठेक्यावर शब्दांची सरबत्ती. भाषा सडेतोड आहे, काही ठिकाणी शिवराळही, तेव्हा आजीआजोबांच्या देखत लावण्याआधी एकदा स्वतः ऐकून घ्यावा! पण ही पोरही लहानपणी चर्चमध्येच गायलेली आहे, आणि ऐन मध्ये 'रेन डाउन ऑन मी' म्हणून एक गाणे येते. भजनी मंडळींना साथीला घेऊन ती देवाकडे कृपेचा पाऊस मागते.

हे ऐकून भाच्याने मागचा धागा काढला. 1973 साली मेम्फिसमध्ये एका संध्याकाळी गाण्याच्या कार्यक्रमाला निघण्याच्या वेळी पाऊस कोसळू लागला. गायिका अ‍ॅन पीबल्स वैतागून काही बोलली. तिचा सहकारी, पुढे तिचा नवरा झालेला डॉन ब्रायंट, तिथे होता. त्या बोलण्यातून 'आय कान्ट स्टँड द रेन' हे गाणे झाले. आरंभी एका वाद्यावर थेंब टपटपतात तो आवाज विसरता येत नाही. ते जिथे मुद्रित झाले तो रॉयल स्टुडिओही पूर्वीचे सिनेमागृहच, तिथेही जमीन उतरती. आणि तो अजून चालू आहे. पुढे 1997 साली व्हर्जिनियाच्या मिसी एलियटने त्याच गाण्याचा तुकडा उचलून आपले हिपहॉप बेतले. काहींना ही उचलेगिरी वाटते. पण आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून अमुक गाण्याचे नाव छापलेले असे, ते आठवावे. जुनी चाल, नवे शब्द. ऋण उघड मांडलेले.

म्हणून या दिवाळीत एक तास काढा. आधी अ‍ॅन पीबल्स ऐका, मग मिसी एलियट, शेवटी ग्लोरिलाचे ते मागणे. पहिलीला पाऊस सोसवत नाही, शेवटची तो हात पसरून मागते. मधे पन्नास वर्षे आहेत. आणि घरातल्या तरुण मुलांना शेजारी बसवून घ्या. ती काय ऐकतात ते एस्टेलबाईंसारखे विचारा, आणि का आवडते तेही विचारा.