गुडघेराव

शिरूर-दौंडकडे आलात की गुडघेरावांशी गाठ पडणारच. वर मांडीचं हाड, खाली नडगी, समोर वाटी. शरीरातला सगळ्यात मोठा सांधा म्हणून मिरवायचा हक्क त्यांचाच. लग्नाची घाई कुणालाही होवो, बाशिंग यांना. अक्कल कुणाचीही कमी पडो, मेंदू यांच्यातच सापडतो. इतके मानापमान पचवलेली असामी जरा तापट असणारच.

कष्टाला मात्र मागे हटत नाहीत. शिरूरकडच्या कांद्यात खुरपणाऱ्या बाईबरोबर दिवसभर उकिडवे बसतात. ऊसतोडीत डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्याला तोलून धरतात. रांजणगावच्या कंपनीत पाळीभर मशीनपुढे उभे राहतात. सपाट चालताना अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार त्यांच्यावर येतो, जिना उतरताना जवळपास साडेतीन पट. म्हणून दौंड जंक्शनचा पूल ते एक वेळ मुकाट्यानं चढतात, पण उतरताना कठडा धरायला लावतात. अंगावरचं पाच किलो वजन कमी करा. त्यांचं ओझं पावलागणिक त्याहून कितीतरी जास्त हलकं होतं. एवढ्यावर ते खूश होतात.

सकाळी त्यांच्या वाटेला जाऊ नये. रात्रभर पडून राहिले की आखडतात. मग चुलीपासून गोठ्यापर्यंत दोन खेपा झाल्या की मोकळे होतात. न्हावऱ्याहून चौफुल्यापर्यंत एसटीत बसून आलं तरी उतरताना हाच नखरा. त्याला कारण आहे. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. चालताना तिच्यावर दाब पडतो आणि सुटतो, त्या दाबण्या-सुटण्यातून सांध्यातल्या द्रवातलं पोषण तिच्यात शिरतं. आपण काय करतो? ‘वंगण संपलं’ म्हणतो आणि त्यांना बाजेवर बसवून ठेवतो. त्यांच्या जेवणाची वेळ चुकते ती तिथं.

फोटोत ते दिसतात तसे नसतात. एक्स-रेमध्ये झिजलेले, कडेनं हाड वाढलेले गुडघेराव रानात खुशाल वावरत असतात. आणि फोटोत ठणठणीत दिसणारे घरी कण्हत असतात. म्हणून फोटो पाहून धसका घेऊ नये. चालण्यात, बसण्यात, उठण्यात ते कसे वागतात, त्यावरून त्यांची पारख करावी.

बडबडे तर भारीच. खाली बसलं की कटकट, उठलं की कटकट. दुखत नसेल आणि सूज नसेल, तर त्या आवाजाला घाबरायचं कारण नाही.

त्यांच्या रुसव्याची मात्र दखल घ्यायलाच हवी. ते सुजले, दुखावले की मांडीचा पुढचा स्नायू आखडता हात घेतो. काम नाही म्हणून मांडी वाळते, मांडी वाळली की सगळा भार गुडघेरावांवर येतो, आणि ते आणखी चिडतात. मेडिकलमधून आणलेली दुखायची गोळी त्यांना घटकाभर गप्प करते. तिचा उपयोग आहे, कारण त्या गप्प राहण्यात चार हालचाली करून घेता येतात. पण गोळी मांडीत ताकद भरत नाही, आणि डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने घेतली तर पोट आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात.

त्यांचा खरा सोबती मांडीच. फिजिओथेरपिस्ट सुरुवात तिथूनच करतात. पाय लांब करून बसलेल्या मावशींच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि सांगायचं, ‘हिला खाली दाबा.’ मावशी दाबतात. वाटी किंचित वर सरकते, मांडी हाताला टणक लागते, पाच आकडे मोजून सोडायचं. पहिल्या दिवशी मांडी नुसती थरथरते. पुढं खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, मग एकेक पायरी. थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवळलं पाहिजे. नाही निवळलं तर व्यायामाची मात्रा कमी करायची, सोडून द्यायचं नाही. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात. गुडघेराव इतक्या लवकर कुणाचे होत नाहीत.

मात्र ते लालबुंद आणि गरम झाले, सोबत ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना किंवा मधेच अडकून सरळ होईनात, तर हा नखरा समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

त्यांचा रुबाब पाहायचा तर तुकोबांच्या पालखीबरोबर दौंड तालुक्यात पाहावा. यवतला पिठलं-भाकरी खाऊन, वरवंडचा मुक्काम उरकून, पाटसपुढचा रोटी घाट चढणाऱ्या सत्तरीतल्या आजींचे गुडघेराव फुगडीलाही तयार असतात. म्हणून गुडघे दुखणाऱ्या आजींना ‘दुखणं किती राहिलं?’ एवढंच विचारणं मला अपुरं वाटतं. खाली बसून उठता येतं का, पंगतीत मांडी घालता येते का, घाट चढवतो का, हेही विचारावं. दुखणं कमी होणं ही सुरुवात. त्यानंतर हिंडणं-फिरणं वर्षानुवर्षं टिकवायचं असतं. पालखीचा घाट येतो ज्येष्ठात. त्यासाठी गुडघेरावांची मर्जी सांभाळायला गुढीपाडव्यालाच लागावं.