केस्लापूरच्या बावीस चुली

आदिलाबादेस गेलो तर खावे कोठे, असा प्रश्न पैनगंगेच्या अलीकडील गावांतून आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येतो. नागपूर–हैदराबाद महामार्गावर जे मिळते ते सर्वत्रच मिळते. त्याविषयी लिहिण्यात हशील नाही. शहराच्या बाजारात तेलुगू, उर्दू, गोंडी आणि मराठी या चारही भाषा कानी पडतात, त्यामुळे आपणांस तेथे परकेपणा वाटत नाही. परंतु या जिल्ह्याची खरी चव ज्यास घ्यावयाची आहे, त्याने पौष अमावास्येच्या सुमारास गुडिहत्नूरवरून इंद्रवेल्लीकडे वळून केस्लापूर गाठावे.

तेथील नागोबा हे मेसराम कुळाच्या गोंडांचे दैवत. जत्रेपूर्वी कुळातील मंडळी अनवाणी चालत हस्तिनमडुगूस जातात व तेथून गोदावरीचे पाणी आणतात. महाराष्ट्र व छत्तीसगढ येथूनही कुटुंबे येतात. आणि या सहस्रावधी माणसांचा स्वयंपाक चुलींवर होतो त्या किती? अवघ्या २२. एकही वाढवावयाची नाही. प्रत्येक घराने आपली पाळी येईतो थांबावे, मग ती मध्यरात्री का येईना. आमच्या घरांतून एका चुलीवरून दोन जावा वेगळ्या होतात, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही!

या चुलींपाशी आपले स्थान दूर उभ्या असलेल्या पाहुण्याचे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे; आमंत्रणावाचून आत जाऊ नये. बाहेर दुकानांच्या रांगा असतातच, तेथे पोट भरता येते. १९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने या जत्रेत दरबार भरू लागला. अधिकाऱ्यांसमोर गाऱ्हाणी मांडण्याची ती रीत आजही चालू आहे. तोही ऐकण्यासारखा असतो.

गोंडांचे रोजचे अन्न म्हणजे ज्वारी. तिच्या भरड्याचा घट्ट शिजविलेला 'गटका' आणि सोबत डाळ, एवढ्यावर शेतकऱ्याचा दिवस निघे. आता शेतात कापूस आला आणि ताटात शिधापत्रिकेचा तांदूळ. गटका मागेच पडत चालला आहे. कोणी प्रेमाने वाढलाच तर नाही म्हणू नये.

मोहाचे मात्र उलट झाले. ज्या फुलाचे नाव काढताच आमच्या वाचकांस दारूच आठवेल, त्याच फुलांत गूळ, तीळ व शेंगदाणे घालून उटनूर येथील आदिवासी स्त्रियांच्या सहकारी संस्थेने लाडू वळले आणि ते वसतिगृहांतील मुलींच्या हाती पोहोचले. कित्येक संसार ज्याने बुडाले, त्याचाच हा दुसरा उपयोग. घरच्या मुलांसाठी हे लाडू अवश्य न्यावेत. फुले वेचणे पाहावयाचे असल्यास चैत्रात यावे आणि पहाटेच उठावे. ऊन चढेपर्यंत टोपल्या घरी पोहोचलेल्या असतात.