इतर हक्क

आपल्या मंडळात दर दिवाळीला कोणी ना कोणी नव्या घराचे पेढे वाटतं, आणि पेढा तोंडात असतानाच पहिला प्रश्न येतो, "कितीला पडलं?" मग नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनचा साडेसहा टक्के खरेदी-कर, नोटारची फी, एजंटचं कमिशन, आणि साडेतीन टक्क्यांत सुटणाऱ्या बायर्नवाल्यांचा हेवा, असं सगळं बोलून होतं. ग्रुंडबुखच्या दुसऱ्या भागात काय लिहिलं होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या घराची गोष्ट नेमकी तिथेच आहे.

ग्रुंडबुख म्हणजे इथला सातबारा, असं आपण सोयीसाठी म्हणतो. पण सातबारा हा महसुलाचा कागद. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध झालीच, असं नसतं. ग्रुंडबुख कोर्टात ठेवलेलं असतं आणि त्यात लिहिलेलं खरं, असं धरूनच कायदा चालतो. पहिल्या भागात मालक, तिसऱ्या भागात बँकेचा बोजा. दुसऱ्या भागात शेजाऱ्याचा वाटेचा हक्क, कुणाचा राहण्याचा हक्क असल्या गोष्टी. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो ना, साधारण तसंच.

२०२३ साली आम्हाला आखेनजवळ श्टोलबेर्गमध्ये एक घर आवडलं. त्याच्या दुसऱ्या भागात एकच नोंद होती. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांवर एका बाईंचा तहहयात वोनरेश्ट, म्हणजे राहण्याचा हक्क. बाई ८१ वर्षांच्या. घर त्यांचंच होतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी ते मुलाच्या नावावर केलं आणि स्वतःपुरतं एवढं राखून ठेवलं. इथे हे सर्रास करतात, कारण आई किंवा वडील मुलाला दर दहा वर्षांत चार लाख युरोपर्यंतचं देणं करमुक्त देऊ शकतात. मुलगा आता दूर दक्षिणेत राहतो, त्याला घर विकायचं होतं. एजंट आम्हाला म्हणाला, "आजींचं काही टेन्शन घेऊ नका. त्या हक्क सोडायची सही देतील. वृद्धाश्रम बघून झालाय." आजी तेव्हा आमच्यासाठी कॉफी करत होत्या. त्यांना ऐकू नीट येतं, हे आम्हाला नंतर कळलं.

माझी आई त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली होती. नवऱ्याने तिला समजावताना सहज 'हक्कसोड' हा शब्द वापरला आणि आई गप्प झाली. वाई तालुक्यातल्या आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आत्याचं नाव इतर हक्कात होतं. १९८८ साली तिने बाबांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. साडी-चोळी झाली, पुरणपोळीचं जेवण झालं. सहा वर्षांनी आत्या विधवा झाली, सासरी थारा उरला नाही, आणि माहेरी ती आली ती पाहुणी म्हणून. कोणी तिला वाईट बोललं नाही. पण उंबऱ्याशी पिशवी ठेवून बसायची तिची सवय मला अजून आठवते. आई एवढंच म्हणाली, "आपल्या घरात एकदा झालंय ते. इथे नको."

मग आम्ही आजींच्या हक्कासकट घर घ्यायचं ठरवलं. भावना बाजूला ठेवल्या तर हा व्यवहार जरा विचित्रच. हक्काची किंमत काढून ती घराच्या किमतीतून वजा होते, आणि ती काढतात आयुर्मानाच्या तक्त्यावरून. त्या कागदावर आजींची उरलेली वर्षं दशांश चिन्हासकट लिहिली होती. म्हणजे त्या जितक्या लवकर जातील, तितका आमचा फायदा. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण ते घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

खरी अडचण बँकेची होती. ग्रुंडबुखात नोंदींना क्रम असतो. उद्या आमचे हप्ते थकून बँकेने घर लिलावात काढलं, तर तिच्या नोंदीच्या आधीचे हक्क टिकतात, नंतरचे पुसले जातात. म्हणून आमच्या बँकेची अट होती की आजींनी मागे सरकावं. दिसायला ही साधी सही, पण तेवढ्याने त्यांचं छप्पर आमच्या नोकऱ्यांवर अवलंबून राहिलं असतं. आम्ही नाही म्हटलं. दुसरी बँक मिळाली, तिने कर्ज बरंच कमी दिलं, आणि पुण्याचा वन-बीएचके विकावा लागला. त्यावरून सासूबाई अजून नाराज आहेत. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही.

नोटार म्हटलं की आपल्याला कोर्टाबाहेरचा शिक्केवाला आठवतो. इथला नोटार दोन्ही बाजूंचा असतो आणि सगळा करार त्याला मोठ्याने वाचावाच लागतो. आजींचा हक्क तसाच राहणार असल्यामुळे त्यांच्या सहीची गरज नव्हती, तरी त्या आल्या. आपला परिच्छेद आला तेव्हा त्यांनी नोटारला जरा सावकाश वाचायला सांगितलं.

विम्याचं मात्र नोटार बघत नाही. विक्रीबरोबर घराचा जुना विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, आणि ग्रुंडबुखात नाव लागल्यापासून महिनाभरात तो रद्द करता येतो. आमच्याकडे आलेल्या पॉलिसीत आग, वादळ, फुटलेला नळ एवढंच होतं. पुराचं, म्हणजे एलेमेंटार, वेगळं घ्यावं लागतं. आजींनीच विचारलं, "पाण्याचं आहे का त्यात?" जुलै २०२१ मध्ये फिश्त नदी श्टोलबेर्गच्या बाजारपेठेत शिरली, तेव्हा आजींच्या तळघरात गटारातून पाणी उलटं वर आलं होतं. सरकारी मदत नुकसानीच्या ८० टक्क्यांपर्यंत होती, पण अर्ज भरायला मुलाला सवड नव्हती आणि आजींना ते फॉर्म जमेनात.

दोन कंपन्यांनी तो पूर ऐकून सरळ नकार दिला. तिसरीने हो म्हटलं, पण चढ्या हप्त्यावर, आणि गटाराचं पाणी उलटं येऊ नये म्हणून झडप बसवून तिची नियमित देखभाल करायच्या अटीवर. इमारतीचा विमा आमचा, आजींच्या सामानाचा त्यांचा. झडप तपासणारा माणूस दरवर्षी ऑक्टोबरात येतो. त्याला तळघराची वाट आजी दाखवतात, आणि त्याने सही केलेला कागद स्वतः वर आणून देतात.