ढीग आधी, कण मागाहून

पीएच.डी. आटोपून ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला पोस्टडॉक म्हणून आलो, तेव्हा माझं एक ठाम मत होतं: कण जमला की ढीग आपोआप जमतो. कोळशाचा किंवा लोहखनिजाचा एकेक तुकडा संगणकात जितका हुबेहूब उतरेल, तितकं उत्तर खरं. हे मत आता मी सोडलं आहे. आज मी नेमक्या उलट्या टोकाकडून काम सुरू करतो.

आमचा विषय सुटा माल आणि त्याची ने-आण. हॉपर, सायलो, बेल्ट कन्व्हेयर, आणि माल एका बेल्टवरून दुसऱ्यावर जिथून पडतो तो च्यूट. न्यूकॅसल हे जगातलं सर्वांत मोठं कोळसा-निर्यात बंदर. जहाज भरणारी मोठी यंत्रं ताशी दहा हजार टनांच्या आसपास माल ओततात, म्हणजे सेकंदाला पावणेतीन टन. अशा ओघात एक च्यूट तुंबला की मागची सगळी साखळी उभी राहते. पोलादी च्यूट कापून, जोडून, पुन्हा कापून प्रयोग करणं कुणालाच परवडत नाही, म्हणून आधी संगणकात माल वाहवून बघायचा.

त्यासाठीची पद्धत म्हणजे डिस्क्रीट एलिमेंट मेथड. आम्ही नुसतं ‘डेम’ म्हणतो. पीटर कंडॉल आणि ओटो स्ट्रॅक यांचा 1979चा निबंध हा तिचा पाया. प्रत्येक कण स्वतंत्र धरायचा. दोन कण एकमेकांना टेकले की किती दाबले गेले, किती घासले गेले, त्यावरून बल काढायचं, न्यूटनच्या नियमाने कण तसूभर पुढे सरकवायचा आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहायचं. इतक्या साध्या नियमांतून पडद्यावर ढीग उभा राहताना पाहिला की माणूस हरखून जातो. मीही हरखलो होतो, आणि जुनं काम मला फिकं वाटू लागलं होतं. जान्सेनने 1895 साली धान्याने भरलेल्या सायलोंवर मोजमापं करून दाखवलं होतं की धान्याची उंची वाढवत नेली तरी तळावरचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही, कारण उरलेलं वजन घर्षणामुळे भिंती पेलतात. अँड्र्यू जेनिकेने 1964 साली यूटा विद्यापीठाच्या पुस्तिकेत हॉपरचं तोंड किती रुंद ठेवावं याचं गणित मांडलं. संगणक नव्हते तेव्हाची ही तात्पुरती सोय, असं मी या दोघांकडे बघत असे.

पहिला धक्का साध्या हिशोबाने दिला. 5 मिलिमीटर व्यासाचे गोळे घेतले तर एका घनमीटरमध्ये साधारण 90 लाख बसतात. 1 मिलिमीटरचे घेतले तर 115 कोटींच्या घरात. खऱ्या लोहखनिजाच्या चुऱ्यात याहून कितीतरी बारीक भुकटी असते, आणि तुंबण्याचं मूळ बहुधा त्या भुकटीतच असतं. म्हणून सगळेच कण मोठे घेतात. शिवाय कण खऱ्याइतका कडक ठेवला तर गणिताचं प्रत्येक पाऊल इतकं लहान ठेवावं लागतं की हिशोब संपता संपत नाही. कडकपणा शंभरपट कमी केला की पाऊल दहापट मोठं टाकता येतं, तेव्हा तोही कमी करतात. आकार खरा नाही, कडकपणा खरा नाही. मग खऱ्या तुकड्याचं घर्षण जिवापाड मोजून ते या कणाला चिकटवायचं, याला अर्थ काय उरतो?

तरीही मत बदललं ते या हिशोबाने नव्हे, ढिगाच्या उताराने. माल ओतला की ढिगाला जो कोन येतो, तो संगणकात जुळवणं ही आमच्याकडची नेहमीची कसोटी. सरकण्याचं घर्षण जास्त आणि गडगडण्याला विरोध कमी असा एक संच मी घेतला, मग याच्या उलट दुसरा. दोन्ही ढीग एकमेकांवर ठेवले तर रेघ हलत नव्हती. हेच दोन संच च्यूटमध्ये सोडले, तर एकात माल उताराला धरून झरझर गेला आणि दुसऱ्यात वाकणापाशी साचला. कसोटी एकच, दोघेही उत्तीर्ण, आणि कारखान्याला द्यायचा सल्ला मात्र परस्परविरुद्ध. आमच्या क्षेत्रात हे जाणकारांना ठाऊक आहे, त्यावर भरपूर लिहिलंही गेलं आहे. मी ते वाचलंही होतं. पण आपल्याच पडद्यावर तो साचलेला माल बघणं वेगळं.

त्यानंतर मी प्रयोगशाळेत जास्त वेळ काढू लागलो. तिथे एकावर एक ठेवलेल्या दोन खोक्यांची चाचणी असते. वरच्या खोक्यात माल भरायचा, तळाची झडप झटकन उघडायची. वर उरलेल्या मालाचा कडा एक कोन देतो, खाली पडलेला ढीग दुसरा, आणि माल किती वेगाने सुटला हे तिसरं मोजमाप. तिन्ही एकदम जुळवायचे म्हटले की खोटे संच भराभर गळतात.

जेनिकेचं कातरयंत्र तर मी नव्याने शिकलो. धातूचं तळहाताएवढं कडं, त्यात ओलसर चुरा. झाकणावर वजन ठेवायचं, झाकण हलकेच डावी-उजवीकडे पिळत चुरा बसवायचा आणि मग कडं आडवं ढकलत जायचं. बल चढतं, एका क्षणी चुरा आतल्या आत फाटतो आणि काटा थबकतो. मालात पाणी थोडं वाढवा, तो काटा वेगळ्याच जागी थांबतो. त्या कड्यात कण दिसत नाहीत, दिसतो तो मालाचा स्वभाव. हॉपरच्या तोंडावर माल कमान धरून बसतो तो याच स्वभावामुळे. घणाचे घाव खाऊन खड्डे पडलेले हॉपरचे पत्रे ज्यांनी पाहिले आहेत, विदर्भातल्या वीज केंद्रांत पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये अडकलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

ओलाव्याची गोष्ट फक्त तुंबण्यावर थांबत नाही. 2009 साली ‘एशियन फॉरेस्ट’ हे जहाज मंगळूरजवळ आणि ‘ब्लॅक रोझ’ पारादीपजवळ बुडालं. दोन्हींत भारतातला लोहखनिजाचा चुरा होता. असा ओलसर चुरा जहाजाच्या हेलकाव्यांनी घट्ट बसत जातो, फटींतलं पाणी दाबाखाली येतं आणि घन वाटणारा माल पातळासारखा एका बाजूला सरकतो. गोव्याच्या बंदरातून वर्षानुवर्षं हाच माल बाहेर गेला आहे. कोरडे कण कितीही सुबक घडवले तरी त्यांना हे वागणं ठाऊक नसतं.

म्हणून सिम्युलेशन म्हणजे नुसता देखणा व्हिडिओ, असं म्हणणाऱ्या ज्येष्ठांच्या बाजूला मी गेलो आहे असं नाही. च्यूटच्या पत्र्यावर झीज नेमकी कुठे होईल, माल बेल्टच्या मधोमध पडेल की कडेला, भरधाव ओघ वळणावर कसा फुटेल, हे जेनिकेचं कडं सांगत नाही. ते डेमच सांगते, आणि तिच्याइतकं चांगलं साधन दुसरं मला दिसत नाही. फरक एवढाच की माझ्या संगणकातला गोळा हा कोळशाचा तुकडा आहे, असं मी आता मानत नाही. तो मालाचा प्रतिनिधी आहे. सगळ्यांनी मिळून ढिगासारखं वागावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

यंदाच्या संशोधन प्रस्तावात संगणकाचे तास कमी करून ते पैसे मी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या पगाराकडे वळवले आहेत. खाणीकडेही एकच मागणं आहे: नमुना खोदल्या जागीच हवाबंद पिंपात भरा आणि त्यातला ओलावा त्याच दिवशी मोजून पिंपावर लिहा. वाटेत वाळलेला चुरा इथे पोहोचला की त्याला पुन्हा पाणी पाजून पहिल्यासारखा करता येत नाही.