उपदेशाचा जामीन

आमच्या पेठेतील तालमीत संध्याकाळी जोर मारणारा एक पोरगा हल्ली मोबाईल भिंतीला टेकवून ठेवतो, आणि वस्तादांच्या हाकेपेक्षा त्या काचेतून येणाऱ्या परदेशी आवाजाकडे त्याचे चित्त अधिक असते. आवाज अँड्र्यू टेट या माजी किकबॉक्सरचा. पहाटे ऊठ, शरीर कमव, रडगाणे गाऊ नकोस, आपल्या दैन्याचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडू नकोस, हा त्याचा उपदेश ऐकताना आक्षेप घ्यावा असे मला काही सापडत नाही. वस्तादही आजवर हेच सांगत आले, फक्त त्यांच्या तोंडून ते चार शिव्यांसकट येते. ज्याला नोकरी नाही, घरात ज्याच्या शब्दाला किंमत नाही, अशा तरुणाला निदान स्वतःच्या देहावर आपला अंमल चालतो हा प्रत्यय केवढा आधार देत असेल, हे आरामखुर्चीत बसून पौरुषावर टीका करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

पण त्याच दमात तो स्त्रीवर पुरुषाची मालकी असल्याचेही सांगतो, आणि व्यायामाच्या घामाबरोबर तेही अंगात मुरते. त्याच्या वर्गणीच्या शिकवणीत 2022 साली नवा सभासद आणणाऱ्यास दलाली मिळे. साहजिकच शिष्यगण त्याची सर्वांत प्रक्षोभक वाक्ये कापून गावभर वाटीत सुटला, कारण संतापाला गिऱ्हाईक लवकर लागते. त्या ऑगस्टमध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक व यूट्यूब यांनी त्याला मनाई केली. डिसेंबरात रुमानियात त्याला अटक झाली. मानवी तस्करी आणि बलात्काराचे आरोप त्याला नाकबूल आहेत, आणि त्यांचा निवाडा न्यायासनाने करावयाचा आहे. मला खटकते ते निराळेच : श्रोत्याने जिभेचे चोचले सोडावेत, निद्रा जिंकावी, आणि वक्त्याची जीभ मात्र मोकाट राहावी, ही संयमाची कसली वाटणी?

वादग्रस्त असणे हा स्वतः काही गुन्हा नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याइतका वादग्रस्त उपदेशक मराठीत क्वचितच झाला असेल. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गेली, तरी 1927 पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालवले. आणि ज्या काळी वीर्यनाशाच्या भीतीने पोरे खंगत, त्या काळी ती भीती निराधार असल्याचे छापून सांगण्याचे धार्ष्ट्य दाखवले. कोण्या अनामिक वाचकाचे लाजत लिहिलेले पत्र येई, त्याला नेमके, कोरडे, शास्त्राला धरून उत्तर दिले जाई. अशाच प्रश्नोत्तरांवरून 1934 साली अश्लीलतेचा खटला भरला गेला, डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, आणि तरीही दंड झाला. दंड झाला तो लिहिणाऱ्याला. उत्तर वाचून धीर आलेल्या त्या पत्रलेखकाला त्याची तोशीस लागली नाही. टेटच्या धंद्यात हिशेब उलटा आहे : मिळकत वर जाते, आणि त्या पोराच्या तोंडची भाषा सोसावी लागते त्याच्या बहिणीला, वर्गातल्या मुलींना, उद्या घरात येणाऱ्या बायकोला.